सोबत्या ब्रेक

गाडी मुद्दाम हळू करून घेतलेला माणूस मी त्या दिवसापर्यंत पाहिला नव्हता. उलटे खूप पाहिले. दुचाकी तपासणी केंद्रात नोकरी केली की माणसांच्या अकलेबद्दल फारसे गैरसमज उरत नाहीत. कुणी ब्रेकच्या पेटीचं सील फोडून आणतो, कुणी सीटखालची वायर तोडतो आणि वर मलाच सांगतो, "उंदरानं खाल्ली, मॅडम." आमच्या भागातले उंदीर कात्रीनं खातात.

आमचं केंद्र कोल्हापूर-गगनबावडा रस्त्यावर तळेवाडीच्या टोकाला आहे. टोकाला म्हणजे अगदी टोकालाच. केंद्राची भिंत संपली की गाव संपतं आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस सुरू होतो. पूर्वी इथे चार माणसं कामाला होती. मग चाकं फिरवणारी, बॅटरी जोखणारी, दिवे तपासणारी यंत्रं आली आणि माणूस एकच उरला, तो म्हणजे मी, अमृता खोत. यंत्रं डबा वाटून खात नाहीत. त्याचं मला काही वाटत नाही असं मी आईला फोनवर सांगते. खरं म्हणजे दुपारी डबा उघडला की वाटतं.

माझ्या स्वतःच्या गाडीला मागची सीटच नाही. ती काढून तिथे हत्यारांची लोखंडी पेटी बसवली आहे. पेटीचा पट्टा बरेच दिवस ढिला आहे, त्यामुळे ती पुढेमागे सरकते. दुसऱ्या कुणाची असती तर मी गाडी नापास केली असती. पण दिव्याखाली अंधार असतो, तसा माझ्याही आहे.

त्या दिवशी सकाळी सर्जेराव पोवार आले. तळेवाडीचेच, पासष्टीच्या आसपासचे. गावात त्यांचं गुऱ्हाळ होतं, ते आता पुतण्या चालवतो. गाडी जुनी, पण पुसून लखलखीत केलेली. मागच्या सीटला धरून बसायला एक भक्कम लोखंडी दांडी, वेल्डिंग सुबक. मला वाटलं, चला, आज एक तरी सरळ माणूस आला.

रोलरवर चाकं फिरवली आणि तो समज गेला. मागची सीट रिकामी होती आणि गाडी सांगत होती, तिथे कुणीतरी बसलंय.

इथे थोडं समजावून सांगायला हवं. मोटरसायकलचा ब्रेक दाबला की सगळं वजन पुढे झुकतं आणि मागचं चाक हलकं होतं. हलक्या चाकाला जास्त ब्रेक लागला तर ते फिरायचं थांबतं आणि घसरतं. मागे माणूस बसला असेल तर त्याच्या वजनानं ते रस्ता धरून राहतं, मग त्याला जास्त ब्रेक चालतो. पूर्वी हा हिशेब चालवणाऱ्यानं हातापायांनी करायचा असे आणि निम्म्या लोकांना तो जमत नसे. आता लिव्हर दाबली की तार ओढली जात नाही, फक्त निरोप जातो. सीटखाली दाब ओळखणारी जाळी असते. मागे कुणी बसलंय का, किती वजनाचं, हे ती सांगते आणि त्याप्रमाणे यंत्र दोन्ही चाकांना ब्रेक वाटून देतं.

दुसरी सुधारणा नंतर आली. मागे बसणाऱ्याच्या हातात ना हँडल असतं ना ब्रेक, त्या बिचाऱ्याला फक्त घाबरता येतं. घाबरला की तो आवळून बसतो, पुढे सरकतो, पुढच्याला घट्ट धरतो. जाळीला हे सगळं कळतं. एकाच जागी ते पुन्हा पुन्हा घडलं की यंत्र ती जागा लक्षात ठेवतं आणि पुढच्या खेपेला तिथे गाडी आपणहून हळू करतं. मागे कुणी नसेल तर करत नाही. सरकारी कागदावर याचं नाव लांबलचक आहे, लोक त्याला सोबत्या म्हणतात. सोबत्या एकदा शिकलेलं विसरत नाही. भीती विसरणारा ब्रेक काय कामाचा, असा त्यामागचा विचार.

पोवारांच्या सीटखाली, जाळीच्या वायरीत, आगपेटीएवढी एक डबी जोडलेली सापडली. जाळीच्या वतीनं तीच यंत्राशी बोलत होती. मी गाडी बाहेरच्या चाचणीच्या पट्ट्यावर घेतली आणि पाणी मारलेल्या भागात ब्रेक दाबला. मागचं चाक असं आडवं गेलं की मी पाय टेकला म्हणून वाचले. मला भयंकर राग आला.

"कुणी केलं हे?"

"कोल्हापुरात उद्यमनगरला एक इलेक्ट्रिशियन हाय. त्येला काय बोलू नगासा मॅडम, मीच करून घेतलंय."

"अहो काका, गाडीला वाटतंय मागे माणूस आहे. मागच्या चाकाला नको तेवढा ब्रेक जातोय. पावसात घाट उतरताना एकदा दाबलात की सरळ दरीत. कशासाठी केलंत हे?"

"मागं शालन बसत्या," ते म्हणाले आणि मग त्यांनी ते दुरुस्त केलं. "बसायची. माझी मालकीण. गेल्या पावसाळ्यात गेली."

मग त्यांनी सांगितलं ते असं. शालनताईंचं माहेर घाटाखाली, वैभववाडीच्या अलीकडे. महिन्यातून एकदा दोघं गाडीवरून जायचे. करूळ घाटाचं शालनताईंना मनस्वी भय. वळणावळणावर त्या नवऱ्याला आवळून धरायच्या, आणि सोबत्या त्यांच्या सगळ्या जागा शिकला होता.

"ती गेल्यावर पयल्यांदा एकटा घाट उतरलो, तर गाडी कुठंच हळू हुईना," पोवार म्हणाले. "तिच्या सगळ्या जागा नुसत्या निघून गेल्या मॅडम. दुसऱ्याचीच गाडी चालवतोय असं वाटलं. मग मागं गुळाच्या ढेपा बांधल्या, तिच्या वजनाएवढ्या. तरी न्हाई."

"नाहीच होणार. बसलेला माणूस सतत थोडा हलतो, श्वास घेतो. सामान आणि माणूस जाळीला वेगळे कळतात."

"व्हय. ढेपंला भ्या वाटत न्हाई." ते हसले नाहीत. "मग त्या इलेक्ट्रिशियननं शालनची शेवटची खेप यंत्रातनं काढली आणि त्या डबीत भरली. ती कशी बसली हुती, कशी हालत हुती, सगळं. तेच फिरून फिरून चालतंय. गाडीला वाटतंय तीच बसलीया."

मी आजवर शंभर जुगाड पकडले असतील. पकडल्याचं वाईट वाटलं असा हा पहिलाच. पण चाक आडवं गेलं ते गेलंच होतं. मी नियम सांगितला. डबी काढायची. ब्रेकच्या वायरीत कुणी हात घातला असेल तर यंत्राच्या आठवणीवर भरवसा ठेवता येत नाही, म्हणून ती पूर्ण पुसायची. मालक तयार नसेल तर गाडी जप्त.

"पुसायची म्हंजे? घाटातल्या तिच्या जागा?"

"जाणार."

पोवार बाकावर बसले. "आमाला मूलबाळ न्हाई," ते म्हणाले. "घरात तिच्या साड्यांची ट्रंक हाय, चष्मा हाय. पर तिचं अजून काय हालतंय, काय करतंय, असं एवढंच हाय बघा. ऱ्हाऊ द्या की मॅडम. पडलो तर मी पडंन. माझ्या मागं रडाय कोण हाय?"

"समोरून येणाऱ्याच्या मागे असेल ना कुणीतरी," मी म्हणाले.

हे जरा तोडूनच बोलले मी. माझी जीभ अशीच आहे, उचलली की टाळ्याला. पण त्यांनी मान हलवली. "ते बी खरं." गाडीकडे बघून म्हणाले, "मग एकदा खाली जाऊन येतो. शेवटचं. मग तुमी पुसा."

डबीसकट जाऊ देणं शक्य नव्हतं. डबी काढून ते एकटे गेले असते तर गाडी कुठेच हळू झाली नसती. मागे श्वास घेणारा माणूस बसवणं एवढा एकच मार्ग होता. खऱ्या वजनानं मागचं चाकही रस्ता धरून राहिलं असतं. आमच्या तपासणीत दुहेरी चाचणी म्हणून एक प्रकार आहे, मालकानं गाडी चालवायची आणि तपासनिसानं मागे बसायचं. आम्ही ती आवारात एका फेरीत उरकतो. ती किती लांब असावी हे नियमात लिहिलेलं नाही. मी डबी काढली, वायर नीट जोडली, केंद्राला कुलूप लावलं आणि मागे बसले.

कुणाच्या मागे बसून मला किती वर्षं झाली होती कोण जाणे. हात कुठे ठेवायचे तेच कळेना. शेवटी मागची दांडी धरली.

गेटातून डावीकडे वळलो. केंद्राची भिंत संपली, ऊस सुरू झाला. रस्ता सरळ, रिकामा. आणि तिथेच गाडी आपणहून हळू झाली. मी किंचित पुढे सरकले.

"ही बघा, ही एक फॉल्ट ऱ्हायलीया," पोवार मान मागे वळवून म्हणाले. "पुढं कुत्रं न्हाई, मांजर न्हाई, वळान न्हाई, तरी हितं आचका देती. लई वर्सं झाली. शालन बिचारी मागनं माझ्या अंगावर यायची आणि धरून बसायची. कितीतरी मिस्त्र्यांस्नी दाखवली, कुणालाच घावंना. मग ही दांडी करून बसवली. म्हटलं, हिला धरून नीट बस."

"दांडी मजबूत आहे."

"मग? दांडी बसवल्यापास्नं कधी अंगावर आली न्हाई ती."

डोक्यात काहीतरी अडकलं ते अडकलंच. ब्रेकमधल्या खड्यासारखं ते पुढे घाटापर्यंत कुरकुरत राहिलं.

गगनबावड्यावरून करूळ घाटात उतरलो आणि शालनताईंच्या जागा सुरू झाल्या. पहिल्या मोठ्या वळणाच्या अलीकडे गाडी मऊपणे हळू झाली. "हितं एकदा ट्रक अंगावर आल्ता," पोवार म्हणाले. पुढे कठडा तुटलेल्या जागी पुन्हा. "हितनं तिला खालची दरी दिसायची." मग एका अगदी साध्या जागी. "हितं काय न्हाई. पर तिच्या आईनं सांगितल्यालं भूत हाय."

गाडी हळू व्हायची, वळण जायचं, गाडी वेग घ्यायची. जिला मी कधी पाहिलं नाही ती बाई कुठे कुठे घाबरत होती हे मला बसल्या जागी कळत होतं. मला तिचा हेवा वाटला. खोटं कशाला बोलू? माझ्या भित्र्या जागा कुणी लक्षात ठेवाव्यात असं माझ्या आयुष्यात घडलेलं नाही. माणसानं नाही आणि यंत्रानंही नाही.

घाटाच्या पायथ्याशी एका टपरीवर चहा घेतला. शालनताईंचं माहेर तिथून जवळच होतं, पण पोवारांनी तिकडे जायचं नाव काढलं नाही. तिथे आता कोण होतं?

तोवर माझ्या डोक्यातलं गणित सुटलं होतं आणि ते सांगावं की नाही हे कळत नव्हतं. मला माणसं फारशी कळत नाहीत. ब्रेक कळतो. आणि ब्रेकवर कुणी खोटा आळ घेतला तर गप्प बसणं मला जमत नाही.

"काका, त्या उसातल्या जागेत फॉल्ट नाही."

"मग काय हाय?"

"सोबत्या आपल्या मनानं काही शिकत नाही. आधी मागच्या माणसानं धरावं लागतं. एकदा नव्हे, पुष्कळदा. मग तो तिथे हळू व्हायला लागतो. तुम्ही म्हणता आचका बसायचा म्हणून त्या धरायच्या. ते उलटं आहे. त्या धरायच्या, म्हणून गाडी हळू व्हायची."

"पर सरळ रस्त्याला भ्यायचं काय कारण?"

"भ्यायच्या नाहीत त्या."

त्यांना कळलं नाही. मला ते तोंडानं सांगायचा संकोच वाटत होता, तरी सांगितलं. "घाबरून धरलं काय आणि धरावंसं वाटलं म्हणून धरलं काय, जाळीला दोन्ही सारखंच. त्यातला फरक तिला कुणी शिकवलेला नाही."

आमच्याकडे गावातून जाताना बायको नवऱ्याच्या मागे बसली तरी मध्ये एक बिऱ्हाड मावेल एवढं अंतर ठेवते. एक हात सीटला, दुसरा पदराला. म्हातारी झाली तरी तसंच. ओट्यावर बसलेले लोक बघत असतात. तळेवाडीचं शेवटचं बांधकाम म्हणजे माझ्या केंद्राची भिंत. ती संपली की दोन्हीकडे उंच ऊस आणि बघणारं कुणी नाही. महिन्यातून एकदा ते दोघं त्या भिंतीवरून जात असणार, आणि मी आत कुणाचं तरी टायर बघत असणार.

पोवार चहाचा ग्लास हातात धरून बसले. चहावर साय आली.

"ती कधी बोलली न्हाई," ते म्हणाले.

"तुम्ही त्याला फॉल्ट म्हणत होतात. त्या काय बोलणार?"

"दांडी बसवली त्या दिवशी म्हणाली हुती." त्यांनी ग्लास खाली ठेवला. "म्हणाली, कशाला उगं बसवलीसा, माझं बरं चाललं हुतं. मला वाटलं, माझा तरास वाचवाय बोलत्या. मीच म्हटलं, गप, नीट बस."

मला तेव्हा तिथून उठून जावंसं वाटलं. आपण खरं बोललो की समोरच्याचं भलंच होतं असं माझं आजवरचं मत होतं. ते तितकंसं खरं नसावं.

"माझं बरं चाललं हुतं," पोवार पुन्हा एकदा स्वतःशीच म्हणाले. मग माझ्याकडे बघून विचारलं, "आणि दांडी आल्यावर मग? तिनं सोडून दिल्यावर गाडी इसरली कशी न्हाई?"

"ती विसरत नाही. तशीच बनवलीय."

"म्हंजे माझ्यापरास गाडीला जास्त ठावं हुतं."

आम्ही परत निघालो. चढताना घाटातल्या जागा पुन्हा आल्या, शेवटच्याच. मी दांडी धरून बसले होते. लोखंड हाताला गार लागत होतं, आणि एवढी वर्षं या दांडीला धरून नीट बसलेल्या बाईचा विचार माझ्या मनातून जात नव्हता. रडू येतंय की काय असं वाटलं, म्हणून मी मोठ्यानं विचारलं की टायर केव्हा बदलला. त्यांनीही मोठ्यानं सांगितलं.

केंद्रात आल्यावर मी यंत्राला वायर जोडली. बोट बटणावर होतं तरी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी नको म्हटलं असतं तर मी काय केलं असतं ते मला आजही सांगता येणार नाही.

"पुसा," पोवार म्हणाले. "दांडी मी काढतो. पाना द्या."

मी माझ्या पेटीतला पाना दिला. बोल्ट गंजून बसले होते. एरवी मी दुसऱ्याला असं धडपडताना बघू शकत नाही, पाना हिसकावून घेते. त्या दिवशी हात मागे बांधून उभी राहिले. यंत्राचं पुसणं केव्हाच झालं. त्यांचा दुसरा बोल्ट निघायला मात्र फार वेळ लागला. दांडी निघाली तेव्हा ती त्यांनी भिंतीला टेकवून ठेवली आणि हात पुसले.

ओल्या पट्ट्यावर मी पुन्हा एकटी फेरी मारली. गाडी रेषेत थांबली, चाक तसूभर सरकलं नाही. कोऱ्या पाटीची, शहाणी, एका माणसाची गाडी. मी पासचा शिक्का दिला.

"घाटात सांभाळून," मी म्हणाले. "आता ती आपणहून कुठे हळू होणार नाही."

"घाटातल्या जागा मला पाठ हायत मॅडम. ब्रेक माझ्या हातात बी हाय की." त्यांनी गाडी चालू केली. "ही एकच तेवढी ठावं नव्हती."

त्यांचं घर उजवीकडे गावात. ते डावीकडे वळले. मी गेटात उभी राहून बघत होते. भिंत संपली. रस्ता सरळ होता, पुढे कुत्रं नाही, मांजर नाही. गाडीचा मागचा लाल दिवा लागला. थांबवायला लागतो त्याच्यापेक्षा पुष्कळ जास्त वेळ तो लागलेला राहिला. गाडी अगदी चालत्या माणसाच्या वेगानं उसामधून चालली होती आणि पोवार ताठ, न हलता बसले होते. मागे कुणाला टेकायचं असेल तर टेकता यावं असे. मग दिवा विझला आणि ते दिसेनासे झाले.

दांडी नेली नाहीच त्यांनी. ती मी भंगारात टाकली नाही, तिथेच राहू दिली. त्या दिवशी डबा उघडायचाही राहिला होता.

संध्याकाळी केंद्र बंद केलं. माझी खोली पुढच्या गावात, म्हणजे मलाही रोज त्याच उसातून जायचं असतं. इतकी वर्षं जाते, पण ती जागा मला माहीत नव्हती. भिंत संपली तशी मी ब्रेक दाबला. काही कारण नव्हतं. जरा जोरातच दाबला असावा, कारण हत्यारांची पेटी पट्ट्यातून सरकली, आतले पाने वाजले आणि पेटी येऊन माझ्या पाठीला टेकली.

पट्टा आवळायला हवा हे मला कळत होतं. मी पेटी मागे ढकलली नाही. ऊस संपेपर्यंत तशीच हळू गेले.